पाचव्या रात्रीचा बग

बिल दोनदा जातंय.
रोज नाही. रोज गेलं असतं
तर सोमवारीच कॉलर धरली असती त्याची.
मनाला येईल तेव्हा जातंय, हेच दुखणं.

अक्कलकोट रोडवरून सादूल शेठ फोनवर ओरडतात,
मागे लूमचा खडखडाट असतो म्हणून;
लूम बंद असले तरी ओरडतातच, सवयीनं.
"काय की वो मॅडम, दोनशे डझन टॉवेल
एकदाच दिलो की मी! बिल दोनदा कसं?"
मी म्हणते, बघते.
बघते, बघते, बघते.
आठवडाभर एवढंच बोलले असेन माणसांशी.

जुळे सोलापूर, पहिला मजला, बाहेर त्रेचाळीस.
लॅपटॉपचा पंखा माझ्यापेक्षा जास्त राबतोय.
सर्व्हर मंजूर होईपर्यंत स्क्रिप्ट इथूनच चालव,
असं पुण्याच्या ऑफिसातला निहाल म्हणाला,
त्याला आता सात महिने होतील.
तो बग ऐकतो आणि सांगतो,
माझ्याकडे तर चालतंय.

मी ओळीमागून ओळ चाळते.
खाली ओट्यावर नरसव्वा विड्या वळते.
बंडल तळहातावर नुसतं झेलते, म्हणते,
"एक कमी हाय." मोजत नाही.
माझ्या तळहाताला तेवढी अक्कल नाही,
मला लॉग लागतो.

लॉग म्हणतो: तीन तारीख, आठ, तेरा, अठरा.
वेळ पहाटे तीन वाजून दहा-बारा मिनिटं.
मी घड्याळावर संशय घेतला.
लायब्ररीवर घेतला, डेटाबेसवर घेतला,
निहालवर तर न विचारता घेतला.
पाच दिवसांनी नेमानं येणारं
या जगात असतं तरी काय?
हे मी विचारलं.
सोलापुरात राहून विचारलं.

तेवीसची पहाट. खालून हाक:
"नीळ्ळु वच्चिनै! लेवे!"
मला तेलुगू येत नाही,
पण झोपेत एवढं बरोबर कळतं.
उठले, मोटारीचं बटण दाबलं.
माझ्याआधी अर्ध्या गल्लीनं दाबलं होतं.
बल्ब हळदीसारखा पिवळा झाला,
राउटरनं डोळा मिटला,
मग एकेक दिवा लावत, सावकाश,
आजारातून उठल्यासारखा उठला.

पडद्यावर तेवढ्यात तीन ओळी:
पाठवलं.
उत्तर नाही.
पुन्हा पाठवलं.

बोट अजून बटणावरच होतं.
मीच होते ती.
दर पाचव्या रात्री, टाकी भरायला उठलेली.

स्क्रिप्टला तरी काय बोलणार?
'पोचलं' असं कुणी म्हणालं नाही,
म्हणून तिनं पुन्हा सांगितलं.
नरसव्वाही मी ओ देईपर्यंत
चार-चार हाका मारतेच की.
फक्त चार हाकांचं पाणी
ती चारदा भरत नाही.

सकाळी सात ओळी लिहिल्या.
प्रत्येक बिलाला आता एक खूण,
तीच खूण पुन्हा आली तर गिळून गप्प बसायचं.
रिपोर्टमध्ये रकाना होता: मूळ कारण.
लिहिलं, वॉर्डात पाणी आलं.
वाचलं. खोडलं.
'नेटवर्क अस्थिर' असं भरून पाठवलं.
एकदाच.

अठ्ठावीसला मी हाकेच्या आधीच जागी.
मोटार लावली. बल्ब पिवळा.
राउटर गेला, आला.
पाठवलं. उत्तर नाही. पुन्हा पाठवलं.
आणि पलीकडून, शहाण्या माणसासारखं:
हे मिळालंय आधीच.
मी खुर्चीत मागे रेलले. दोन्ही ओळी
परत वाचल्या, परत एकदा वाचल्या,
पायाला गार लागलं तेव्हा
टाकी भरून जिन्यावरनं पाणी वाहत होतं
आणि खालून नरसव्वा ओरडत होती,
चौथ्यांदा बहुतेक.